फाटकावरची नोंद

बाईंच्या फाटकाला कुलूप कधीच नसायचं, तरी त्या फाटकातून आत शिरणं सोपं नव्हतं. मी खोली बघायला गेले तेव्हा त्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. मी कडीला हात लावला तोच आतून आवाज आला, "हात खाली! आधी नोंद."

हातात बॅग, डोक्यावर एप्रिलचं ऊन, पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नाही. मी मुकाट्यानं हात खाली घेतला.

"कुठून?"

"सिन्नरची आहे. अंबडला कंपनीत लागलेय."

"कशासाठी?"

"खोली पाहिजे."

"कधी जाणार?"

"अजून आत पाऊल टाकलं नाही हो," मी म्हटलं, "आणि जायचं काय विचारताय?"

त्यांनी शेंगांची परात बाजूला ठेवली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "उद्धट आहेस. ये आत. वरची खोली रिकामी आहे." पुढे माझं लग्न होईपर्यंत मी त्या खोलीत राहिले, आणि या काळात ते तीन प्रश्न मी किती लोकांना विचारलेले ऐकले त्याला गणती नाही. दूधवाला, गॅसवाला, निफाडहून येणारा त्यांचा सख्खा भाचा, गणपतीची वर्गणी मागायला आलेले कार्यकर्ते, सगळ्यांना तेच. भाचा बिचारा द्राक्षांची पेटी खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर उभा राहून "मी गं, आत्या" म्हणायचा, आणि आत्या म्हणायची, "ते दिसतंय मला. कुठून?"

बाई पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. म्हणजे तसा कागद होता. नाशिकच्या मखमलाबाद रोडवरचं ते बैठं घर आणि वरच्या तीन खोल्या हे त्यांनी एक ठाणंच करून टाकलं होतं. सकाळी शिट्टी वाजायची, की आम्ही भाडेकरू मुलींनी चहाला खाली यायचं. न येणारीची चौकशी व्हायची. त्यांच्या मांजराचं नाव आरोपी होतं, कारण ते पहिल्या दिवशी दुधाच्या पातेल्यात तोंड घालताना सापडलं होतं. "आरोपी कुठंय?" असं त्या जोरात ओरडल्या की नवीन आलेली मुलगी घाबरायची. स्वयंपाकात त्यांना फक्त पिठलं येत होतं, आणि तेही रागात असल्यासारखं घोटायच्या. लग्न का केलं नाही असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "बदल्या झाल्या." बस्स. त्या विषयाची फाईल तिथंच बंद झाली.

नोंदीचं वेड कुठून आलं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. पोलिसांत एक रीत आहे. बाहेरच्या जिल्ह्याचे किंवा बाहेरच्या राज्याचे पोलीस कोणाला पकडायला आले, तर त्यांनी आधी तिथल्या ठाण्यात जायचं, आम्ही अमुक ठिकाणचे, अमुक माणसासाठी आलोय असं सांगायचं आणि स्टेशन डायरीत तशी नोंद करायची. मगच हात लावायचा. बहुतेक जण हे गाळतात. कोण वेळ घालवणार, आणि माणूस तेवढ्यात पळाला तर?

बाई तरुणपणी हायवेवरच्या एका ठाण्यात होत्या. परराज्यातल्या पोलिसांनी त्यांच्या हद्दीतल्या धाब्यावरून एका आचाऱ्याला असंच गाडीत घालून नेलं. बाईंना कळल्याबरोबर त्यांनी जीप काढली आणि घोटीच्या टोलनाक्यावर त्या गाडीला आडवी लावली. मागे ट्रकांची रांग, हॉर्नचा कल्लोळ. बाई जीपच्या बॉनेटला टेकून उभ्या. सगळ्यांना परत ठाण्यात आणलं, नोंद करायला लावली, चहा पाजला आणि मग आचाऱ्यासकट जाऊ दिलं.

"म्हणजे तो आचारी निर्दोष होता?" मी विचारलं.

"छे. खुनीच होता. दोन माणसं मारलेली."

"मग एवढा खटाटोप कशाला?"

बाई माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या. रागावल्या की त्यांची बोली निफाडची व्हायची. "अगं येडे, ज्याला न सांगता नेत्यात ना, त्याला कुठं नेला हे मग कोणालाच सांगावं लागत नाय. आज खुनी हाय. उद्या कोण हाय ते तुला काय म्हाईत?"

त्या खटाटोपाचं बक्षीस म्हणून त्यांची बदली झाली. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं टेबल. पोलिसांत ही शिक्षाच. पण बाईंनी तिथं निवृत्तीपर्यंत ठाण मांडलं. नाशिकला शिकायला येणारी बाहेरदेशची मुलं त्यांच्यासमोर बसायची, आणि बाई त्यांना कुठून, कशासाठी, कधी जाणार हे विचारायच्या. ज्यांना कोणी घरमालक खोली देत नव्हता त्यांना खोली मिळवून द्यायच्या. निवृत्त झाल्यावर स्वतःच्याच घराच्या वर खोल्या चढवल्या.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्याच्यावरच फिरलं. बाईंना हुद्द्याचं भारी दुखणं होतं. मखमलाबादहून हातगाडी घेऊन येणारी एक भाजीवाली मावशी होती. ती फाटकासमोर येऊन हाक द्यायची, "ओ हवालदारीणबाई, मेथी घ्या!"

"निरीक्षक," बाई व्हरांड्यातून म्हणायच्या.

"तेच ते."

"तेच ते नाही!"

आणि पाय दुखत असले तरी काठी टेकत फाटकापर्यंत जाऊन, शिपाई कोण, हवालदार कोण, फौजदार कोण आणि निरीक्षक कोण हे त्या मावशीला समजावून द्यायच्या. मावशी सगळं ऐकून घ्यायची, जुडी हातात द्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत हवालदारीणबाई. मी हसले की बाई चिडायच्या. एकदा मात्र स्वतःच हसल्या. "खाकी घातलेला माणूस शिव्या गिळतो, उपाशी राहतो, उन्हात उभा राहतो. पण खालच्या हुद्द्यानं हाक मारलेली त्याला पचत नाही. जगात कुठलाही पोलीस घे. मला माहीतंय ना, मी त्यातलीच."

तारा आली ती पावसाळा सरता सरता. तिचं खरं नाव लांबलचक होतं, बाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं तारा केलं. तिच्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. बाईंनी तशी ताकीद दिली होती, आणि त्या ताकिदीची मुदत अजून संपलेली नाही असं मी धरून चालते. फार्मसी शिकायला आलेली, किरकोळ अंगाची, चष्मेवाली मुलगी. फाटकाबाहेर दोन बॅगा घेऊन उभी होती.

"कुठून?" बाईंनी विचारलं. तिनं सांगितलं.

"कशासाठी?"

"शिकायला. आणि," ती थांबली, मग मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "तिकडे आता राहता येत नाही."

मी जिन्यात उभी राहून तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत होते. बाईंनी तो विचारलाच नाही. उठून गेल्या आणि कडी स्वतः काढली. मला तेव्हा वाईट वाटलं, खरं सांगते. मला तर उन्हात उभं केलं होतं.

ताराच्या देशात तिच्या कॉलेजातली काही मुलं पोलिसांनी उचलली होती, आणि तिनं त्यांची नावं घेऊन एक व्हिडिओ टाकला होता. तो तिच्या कल्पनेपेक्षा फार लांब गेला. तेवढाच तिचा गुन्हा. इथं आल्यावर ती गप्प राहिली, अभ्यास करत राहिली. तरी त्यांनी तिला शोधून काढलं.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पाथर्डी फाट्याकडे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिच्या देशातल्या विद्यार्थ्यांसाठी मदत केंद्र उघडलं होतं. बाहेर फलक, आत सोफा, फुलदाणी, दोन हसरे गृहस्थ. पासपोर्टचं काही काम असलं, घरी काही पाठवायचं असलं, तर मुलं तिथं जायची. आतल्या खोलीत एक मोठा स्क्रीन होता. काही मुलांना त्या स्क्रीनसमोर बसवायचे, आणि पलीकडे त्यांच्या गावचा पोलीस अधिकारी असायचा. तो विचारायचा, इथं कोण कोणाशी काय बोलतं. हे ताराच्याच एका वर्गमित्रानं तिला सांगितलं, आणि त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला.

केंद्रातले ते दोघे ताराला कॉलेजच्या फाटकाशी भेटायला लागले. धमकी कधी नाही. हसून विचारायचे, आईचा गुडघा कसा आहे? धाकटा भाऊ आता कुठल्या वर्गात? तारा घरी येऊन जेवायची नाही. मग एक दिवस तिच्या वडिलांचा फोन आला. आम्ही सगळ्या खाली चहाला बसलो होतो. ती फोनवर बोलली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बाबांनी मला पूर्ण नावानं हाक मारली," ती म्हणाली. "घरी मला वेगळं नाव आहे. लहानपणापासून. त्यांनी कधीच पूर्ण नाव घेतलं नाही. त्यांच्या शेजारी कोणीतरी बसलंय."

बाईंनी कप खाली ठेवला आणि साडी बदलायला गेल्या. बाहेर आल्या त्या कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून, काठी घेऊन. "चल," ताराला म्हणाल्या, आणि मला, "तू पण. तुझं इंग्रजी बरं आहे."

ठाण्यात गांगुर्डे नावाचे तरुण उपनिरीक्षक होते. त्यांनी बाईंना बघून खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळत म्हणाले, "मॅडम, पण तक्रार कशाची? हात लावला का? धमकी दिली का? आईचा गुडघा विचारणं हा गुन्हा कसा होईल? ते समाजसेवक आहेत. ही मुलगी आणि ते एकाच देशाचे. त्यांच्या घरचा मामला आहे."

"घर कुणाचं?" बाई म्हणाल्या. "पाथर्डी फाटा कुठल्या देशात आहे?"

"तसं नाही मॅडम. ते पोलीस आहेत असं तुम्ही म्हणता. आम्ही कसं म्हणायचं? ते पोलीस असल्याचं त्यांनी कुठं कबूल केलंय? परदेशी पोलीस इथं येऊन काम करतो असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. मग ते माझ्या हातातलंही राहणार नाही, वरून हलेल. पण नुसत्या संशयावर वर कळवलं तर माझीच घोटीला बदली." त्यांनी ते सहज म्हटलं होतं, त्यांना जुनी गोष्ट माहीत असण्याचं कारण नव्हतं. बाई मात्र जराशा हसल्या.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. मला धक्काच बसला. "त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय तुम्ही काही करू शकत नाही. गांगुर्डे, तुम्हाला पिठलं आवडतं का?"

ते दोघे घरी येणार हे आम्हाला आधीच कळलं. वडिलांचा पुन्हा फोन आला, पुन्हा पूर्ण नावानं. आई आजारी आहे, केंद्रातले साहेब तिकीट घेऊन येतील, त्यांच्याबरोबर ये. तारानं रात्रीतच बॅग भरली. सकाळी ती डोळे सुजवून बाईंसमोर उभी राहिली. "मी जाते," ती म्हणाली. "नाही गेले तर ते बाबांना नेतील."

"आणि गेलीस तर?"

तारानं बॅग उचलली. तिच्याबरोबरच्या मुलांचं काय झालं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. विमानतळावरूनच नेलेल्या एका मुलाचा पत्ता त्याच्या आईलाही अजून लागला नव्हता.

मला वाटलं, बाई तिला खोलीत कोंडतील, ओरडतील. त्या म्हणाल्या, "तुला जायचं असेल तर मी धरून ठेवणार नाही. मी काय तुझी मालक आहे? पण माझ्या फाटकातून जायचं तर सांगून जायचं. नेणाऱ्यानंही सांगून न्यायचं. एवढं झालं की तू मोकळी." मग दिवाणखान्यात गेल्या. तिथं साध्या शर्टात गांगुर्डे मटार सोलत बसले होते. बाईंनी त्यांना भाचा करून बसवलं होतं. त्यांच्या हातून निम्मे दाणे खाली सांडत होते.

दुपारी काळ्या काचांची गाडी फाटकाला लागली. दोघांतला वयानं मोठा गृहस्थ उतरला. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आरशासारखे बूट. मागे तरुण. मोठ्याच्या हातात मिठाईचा बॉक्स होता. नाशिकमध्ये बरेच दिवस काढल्यामुळे त्याला हिंदी चांगलं येत होतं. त्यानं कडीला हात लावला.

"हात नीचे," बाई म्हणाल्या. "पहले नोंद. कहाँ से?"

तो हसला. त्याला गंमत वाटली असावी. "मदत केंद्र से, माताजी."

"किसलिये?"

"बच्ची को घर पहुँचाना है. माँ बीमार है."

"कब जायेंगे?"

"बस, अभी."

बाईंनी त्यांना व्हरांड्यापर्यंत येऊ दिलं. पुढे नाही. मी चहा आणला. तारा बॅग घेऊन पायरीवर उभी होती. मोठ्यानं फोन काढून तिच्यासमोर धरला. स्क्रीनवर तिचे वडील होते, चष्मा लावलेले, दाढी वाढलेली. ते काहीतरी पाठ केल्यासारखं बोलत होते. मध्येच कोणीतरी फोन सरळ केला, आणि तेवढ्यात मला तो हात दिसला. बाही खाकी नव्हती, हिरवट होती, पण गणवेशाचीच होती. ती बॅगेचा पट्टा पिळत राहिली.

आणि बाई? बाई बशीत चहा ओतत होत्या. "लो, चाय लो, हवालदार साब," त्या मोठ्याला म्हणाल्या.

तो क्षणभर थबकला. मग हसून कप घेतला.

"और तुम भी लो," तरुणाला म्हणाल्या. "हवालदार साब के साथ आये हो, शरमाओ मत."

तरुणानं ओठ दाबले. त्याला हसू येत होतं. मोठ्यानं ते पाहिलं, आणि त्याची मान ताठ झाली.

बाईंनी दिवाणखान्याकडे तोंड केलं. "अरे भाचा, हवालदार साब को बिस्कुट ला. बेचारे को कितना दूर से भेजा है. बडे अफसर ऐसे काम को थोडे ही आते हैं. ऐसे काम को हवालदार को ही भेजते हैं, हमारे यहाँ भी."

आता तरुण हसलाच. नाकातून, बारीकसं. मोठ्यानं कप टेबलावर ठेवला, इतका जोरात की चहा बशीत सांडला.

"हवालदार नहीं," तो म्हणाला. "मेजर."

"अच्छा? फौज में?"

"पुलिस. पुलिस मेजर. मेरे हाथ के नीचे पूरा महकमा है."

"माफ करना, मेजर साब. गलती हो गयी. हवालदार को ये काम कैसे देंगे! आप खुद ड्यूटी पर आये."

"मैं खुद आया," तो म्हणाला. काय बोलून बसलो ते लगेच त्याच्या डोळ्यांत उमटलं. तरुण त्याच्याकडे बघत होता.

"गांगुर्डे," बाई मराठीत म्हणाल्या, "ऐकलंत?"

"ऐकलं, मॅडम." मटाराची परात बाजूला ठेवून गांगुर्डे दारात आले आणि त्यांनी ओळखपत्र काढलं.

बाईंचा आवाज फार मऊ झाला होता. इतका मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "मेजर साब, आप पुलिस, मैं भी पुलिस. बाहर की पुलिस आती है तो पहले लोकल थाने में नोंद करती है. आपने की नहीं. चलो, मैं साथ चलती हूँ."

मोठा उठला. फोन बंद करून खिशात टाकला, आणि ताराकडे बघून त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलला. तारा किंचाळली. ते दोघे झपाट्यानं फाटकाकडे निघाले, पण गाडी हलणार कशी? गाडीच्या पुढे भाजीवाल्या मावशीची हातगाडी आडवी उभी होती. मावशी मेथीवर पाणी शिंपडत होती. बाईंनी तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"हवालदारीणबाई," तिनं ओरडून विचारलं, "काढू का गाडी, का राहू देऊ?"

"राहू द्या," बाई म्हणाल्या. हुद्दा दुरुस्त करायचा त्या दिवशी त्या विसरल्या.

ठाण्याची जीप आली, पासपोर्ट मागितले गेले, ते दोघे गेले. रस्ता पूर्वीसारखा झाला. मला वाटलं, आपण जिंकलो. वळून बघितलं तर तारा पायरीवर बसली होती. "तुम्ही माझ्या बाबांना मारलं," ती बाईंना म्हणाली. "तो म्हणाला, आता वडिलांना विसर." बाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. त्यांचे गुडघे वाकत नव्हते, तरी बसल्या.

पुढे जे झालं ते फार शांतपणे झालं. गांगुर्डेंनी वर कळवलं, वरच्यांनी त्याच्या वर कळवलं, दिल्लीहून दोन माणसं आली आणि ताराशी, माझ्याशी, बाईंशी वेगवेगळं बोलून गेली. त्या दोघांना देश सोडायला सांगितलं गेलं. पाथर्डी फाट्यावरचा फलक एका सकाळी दिसेनासा झाला. त्यांच्या सरकारनं म्हटलं, ते तर स्वयंसेवक होते, मुलांना मदत करत होते. आपल्या सरकारनं म्हटलं, असं काही आमच्या निदर्शनास आलेलं नाही. स्थानिक पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, की मदत केंद्र बंद झाल्यानं परदेशी विद्यार्थ्यांची गैरसोय होत आहे. मी ते बाईंना वाचून दाखवलं आणि संतापानं पेपर फेकला.

बाई शांत होत्या. "तुला काय वाटलं, हे सगळं तारासाठी झालं? सरकार चिडलं ते कुंपण ओलांडलं म्हणून. आत कोण रडत होतं, ते सरकारनं विचारलंच नाही."

ते किती खरं होतं हे लवकरच कळलं. ताराच्या पासपोर्टची मुदत संपत आली. तिच्या वकिलातीनं नवा द्यायला नकार दिला. आणि ज्या सरकारनं त्या दोघांना घालवलं त्याच सरकारच्या कचेरीत तिला विचारलं गेलं, की वैध पासपोर्ट नसताना तुम्हाला इथं का राहू द्यावं? बाई तिच्याबरोबर दर वेळी जायच्या. आपल्याच जुन्या टेबलासमोर, पलीकडच्या बाजूला, लाकडी बाकावर बसून राहायच्या. "वर पाठवलंय" हे उत्तर त्यांनी हजारो लोकांना दिलेलं असणार. आता ऐकत होत्या.

या सगळ्यात वडिलांचा पत्ता नव्हता. फोन लागत नव्हता. तारा बाईंशी बोलत नव्हती, एकाच ताटलीत पिठलं खायच्या दोघी, पण अबोला. मग संक्रांतीच्या आसपास एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. तारानं तो स्पीकरवर घेतला. पलीकडून एक दमलेला आवाज एकच छोटं नाव म्हणाला. घरचं नाव. तारा जमिनीवरच बसली. या वेळी वडिलांच्या शेजारी कोणी नव्हतं. वडील घाईघाईनं काही वाक्यं बोलले आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"सोडलं त्यांना. नोकरी गेली. म्हणाले, येऊ नकोस. काही झालं तरी येऊ नकोस." मग ती बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि बाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना ते नीट जमत नव्हतं, जड हात, पण फिरवत राहिल्या.

माझं लग्न झालं, मी नाशिकरोडला गेले. पुढच्या थंडीत बाई गेल्या. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरनं "आजी" म्हटलं तर त्याला त्यांनी हुद्दा सांगितला असं तारा म्हणाली. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांना मी शेवटचं भेटायला हवं होतं. अजून जीव तुटतो.

घर भाच्याकडे गेलं. निफाडच्या माणसाला द्राक्षांतून सवड नाही, त्यानं ताराला सांगितलं, राहा, बघ सगळं. मी अधूनमधून रविवारी जाते. मला ती व्हरांड्यातून तीन प्रश्न विचारते, आणि मी मुकाट उत्तरं देते.

असाच एक रविवार होता. फाटकाशी मोटारसायकल थांबली. गांगुर्डे. आता सहायक निरीक्षक झालेले, केस विरळ झालेले. त्यांच्या हातात पॅड होतं. ताराच्या मुक्कामाचं अखेर वरून विचारलं होतं, आणि स्थानिक पोलिसाचा अहवाल जायचा होता. हा अहवाल वाईट गेला तर ताराला देश सोडावा लागणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्यांनी कडीला हात लावला.

"हात खाली," तारा म्हणाली. "आधी नोंद."

ज्याच्या पेनावर हिचं सगळं टांगलंय त्याला ही बाहेर उभं करतेय! मी उठले, पण गांगुर्डेंनी खरंच हात खाली घेतला होता.

"कुठून?"

"आपल्याच ठाण्यातून. गांगुर्डे, सहायक पोलीस निरीक्षक."

"कशासाठी?"

"तुमच्या राहण्याची चौकशी. अहवाल द्यायचाय."

"कधी जाणार?"

ते रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे बघत होते. "चहा झाला की," म्हणाले.

तारानं कडी काढली. मी चहा केला. त्यांनी खुर्चीत न बसता पायरीवर बसून एकेक विचारलं, शिक्षण, काम, कोणाशी संबंध, कोणाशी तंटा. तारा मराठीत उत्तरं देत होती, थोडी निफाडची, थोडी आमच्या सिन्नरची. मग त्यांनी घसा साफ केला. "आता शेवटचं. हे मला विचारावंच लागतं. परत कधी जाणार?"

आरोपी पायरीवर अंग चाटत होता. तारानं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि परत लावला. हा प्रश्न तिला या घरात आजवर कोणी विचारला नव्हता.

"ज्या दिवशी आमच्या घरात शिरायला पोलिसांना आधी नोंद करावी लागेल," ती म्हणाली, "त्या दिवशी."

गांगुर्डेंनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं, उरलेला चहा प्यायले आणि सांगितल्याप्रमाणे निघाले.